एक वीत कमी पडलेलं ऊन

बाबा, आज दुपारी ऊन फरशीतल्या तुमच्या काळ्या पट्टीच्या अलीकडे वीतभर येऊन थांबलं आहे. यापुढे ते येणार नाही, उद्यापरवापासून मागे सरायला लागेल. मी शाळेतून लवकर आले, चप्पल दारात काढली आणि पाय न धुताच खोलीत येऊन बसले. तुम्ही असतात तर ओरडला असतात. शहाबादी फरशी ऊन पडलं आहे तिथवर गरम आहे आणि त्यापुढे एकदम गार, जसा कुणी मध्येच हात काढून घ्यावा. बाहेर गोदामांकडे जाणारे ट्रक हॉर्न मारताहेत. कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट आता फार ऐकू येत नाही. पण या उन्हात डोळे मिटून बसलं की तो कुठूनतरी सुरू होतो, आणि मग मी या घरात नसते, नारपोलीच्या त्या भाड्याच्या खोलीत असते.

त्या खोलीच्या पाठीला लूमची शेड होती. सकाळची शिफ्ट सुरू झाली की फळीवरची भांडी आपापसात बोलायला लागायची. ऊन मात्र तिथे वाट चुकूनही यायचं नाही. भर दुपारी दिवा लावून आई साड्यांना फॉल लावते आहे, पाय एकदा इकडे, एकदा तिकडे घेते आहे. थंडी सुरू झाली की तिचे गुडघे धरायचे, आणि सकाळी उठताना ती भिंतीला हात लावून थोडा वेळ नुसतीच उभी राहायची. तुम्ही ते बघायचात आणि बघितलं नाही असं दाखवायचात. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, बायकोचे गुडघे दुखतात म्हणून सूर्याचं गणित मांडायला बसला, हे आता सांगितलं तर कुणाला खरं वाटेल?

बुटांचं एक रिकामं खोकं घेऊन तुम्ही आम्हाला गच्चीवर नेलंत. खोक्याला एका बाजूने चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यावर पोस्टकार्डाचा छज्जा चिकटवलेला. ती बाजू दक्षिणेकडे करून तुम्ही खोकं ठेवलंत आणि आत एक काडेपेटी उभी केलीत. "ही तुझी आई," तुम्ही मला म्हणालात. आई म्हणाली, "एवढी चौकोनी आहे का मी?" थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, खाली उतरतो, म्हणून ऊन छज्ज्याखालून आत शिरून आईपर्यंत जाईल. मे महिन्यात तो डोक्यावर असेल, तेव्हा छज्जा त्याला बाहेरच अडवेल आणि खिडकीतून फक्त वारा येईल. पश्चिमेला खिडकीच नको, तिकडे मोरी आणि अडगळीची खोली. तुम्ही हे सगळं असं सांगत होतात की जणू सूर्य तुमच्या वर्गातला मुलगा आहे आणि कुठल्या बाकावर बसायचं ते तुम्ही त्याला सांगणार आहात. आम्ही दोघी हसत होतो, पण त्या संध्याकाळी आईने ती काडेपेटी चुलीजवळ नेली नाही. देवाच्या फळीवर ठेवली.

गावाबाहेर जागा घेतली, पाया भरला, आणि आत्या पडघ्याकडच्या गावाहून घर बघायला आली. तुमची मोठी बहीण, तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलेली. ती दक्षिणेच्या त्या मोकळ्या चौकटीसमोर उभी राहिली आणि तिचा चेहराच उतरला. "काय रं, एवढा शिकलास नि दक्षिणंला भगदाड पाडतोस? तिकडनं यम येतो, ठाव न्हाय का तुला?" तुम्ही तिला दक्षिणायन समजावू लागलात. तिला त्यातलं एक अक्षर नको होतं. शेवटी आईच पदर खोचत पुढे झाली. "वन्सं, धनत्रयोदशीला त्याच्यासाठी कणकेचा दिवा आपणच लावतो ना, तिकडं तोंड करून? त्याला घर ठाऊकच आहे. खिडकी असो नाही तर नसो." आत्यालाही हसू आलं. आम्ही सगळेच हसलो.

मग फरशी घालताना तुम्ही ती गंमत केलीत. डिसेंबरातलं भर दुपारचं ऊन जिथे येऊन संपेल तिथे शहाबादीच्या मध्ये काळ्या कडाप्प्याची एक पट्टी बसवलीत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, मास्तर, हे काय? तुम्ही म्हणायचात, थांबा, डिसेंबर येऊ द्या. डिसेंबर आला आणि ऊन पट्टीच्या एक वीत अलीकडे थांबलं. तुम्ही मोजपट्टी घेऊन छज्ज्याखाली गेलात. मिस्त्रीने छज्जा वीतभर लांब काढला होता, तुम्हाला न विचारता. बोलावलंत तर तो आनंदाने सांगू लागला, "मास्टरजी, बरसात में पानी अंदर मारता ना. इसलिए थोडा बढ़ा दिया, अपनी तरफ से." तो गेल्यावर तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलात, रुसलेल्या मुलासारखे. आईने पाट उचलला, पट्टीच्या अलीकडे उन्हात नेऊन ठेवला, त्यावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "तुमचं ऊन नाही पोचलं तर मी पोचते. त्यात काय एवढं?"

पुढची काही वर्षं मला एकाच लांबच लांब दुपारसारखी आठवतात. हिवाळ्यात ऊन सकाळी खोलीच्या एका कोपऱ्यातून तिरकं आत येतं, पट्टीच्या बाजूबाजूने दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत जातं, आणि आई पाटासकट त्याच्यामागे सरकते. मांडीवर कुणाची तरी साडी, सुईतला दोरा चमकतो आहे. मे महिन्यात शेजारच्या शेडचे पत्रे तापून कडकड वाजताहेत आणि आमच्या खोलीत मात्र सावली आहे, पाण्याच्या तळाशी असावी तशी. संध्याकाळी खाडीकडचा वारा खिडकीतून येतो, समोरच्या भिंतीतल्या उंच जाळीतून निघून जातो, जाताना कॅलेंडरची पानं उडवतो. शेजारच्या बायका भाजी निवडायला आमच्याकडे यायच्या. "मास्तरांकडे फुकटचा फॅन आहे," त्या म्हणायच्या. तुम्ही पेपर तपासताना खाली मान घालून हसायचात. बाबा, तेव्हा मी सुखी होते आणि मला ते कळतही होतं.

तुम्ही गेलात ते ऑक्टोबरच्या उकाड्यात. शाळेतून आलात, खिडकीखाली वारा लागतो म्हणून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. त्याच खिडकीखाली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. आईला तिचीच ती जुनी थट्टा सलत होती. "त्याला घर ठाऊक आहे असं मी तोंडाने म्हटलं होतं गं," एवढंच ती एकदा मला म्हणाली आणि खिडकीची दारं लावून घेतली. दोन महिने ती उघडली नाहीत. मीही उघडली नाहीत. तेव्हा मी कॉलेजात होते, सगळं शिकले होते, आणि तरी त्या बाजूला बघायची भीती वाटायची.

डिसेंबरात आत्या आली ती विटा आणि मिस्त्री घेऊनच. तोच मिस्त्री, छज्जा वाढवणारा. "माझा भाऊ गेला. आता तुम्ही दोघीच हाय. हे भोक बुजव गं, मी पाया पडते तुझ्या." आत्या खरंच वाकली. आईने तिला धरलं आणि मान हलवली, हो म्हणून. मिस्त्रीने माप घ्यायला खिडकीची दारं उघडली आणि दोन महिने अडवलेलं ऊन आत आलं, तसंच, पट्टीच्या वीतभर अलीकडे. मिस्त्री टेप हातात धरून थांबला. आई थोडा वेळ बघत राहिली. मग आतून पाट घेऊन आली आणि त्या उन्हात बसली.

"अम्मा, थोडा हटना पड़ेगा," मिस्त्री हळूच म्हणाला.

"ऊन उठलं की मी उठते," आई म्हणाली.

मी चहा केला. मिस्त्रीने तो पायरीवर बसून घेतला. ऊन सरकलं, आई सरकली. आत्या तिला उठवायला आली, रागावली, रडली, आणि शेवटी दमून तिच्याशेजारी खाली फरशीवरच बसली. बसल्या बसल्या तिने हात टेकला आणि तो तिथेच राहिला. "ऊन हाय गं फरशी," ती म्हणाली. मग दुसऱ्याच आवाजात, "त्याचा हात असाच ऊन ऊन असायचा. ल्हानपणी थंडीचा माझ्या पोटाशी यायचा, तर मलाच ऊब लागायची त्याची." दोघी तिथे बसून राहिल्या, ऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उठेपर्यंत. मिस्त्री केव्हा निघून गेला ते आम्हाला कळलंही नाही. त्या विटांचा पुढे खिडकीबाहेर ओटा झाला. आणि आत्या दर डिसेंबरात यायची, चार दिवस राहायची, यमाला शिव्या द्यायची आणि पाय पसरून उन्हात बसायची.

आता त्या दोघीही नाहीत. ओटा आहे, पट्टी आहे. मी भूगोल शिकवते, आणि दर डिसेंबरात माझ्या वर्गातल्या मुलांना एका दुपारी इथे आणते. ती पट्टीवर ओळीने उभी राहतात, मी त्यांना दक्षिणायन शिकवते, छज्ज्याचं गणित मांडून दाखवते, मिस्त्रीची गोष्ट सांगते. एखादी मुलगी विचारतेच, बाई, दक्षिण वाईट असते ना? मी म्हणते, अगं, दिशा कसली वाईट? तिकडे कुणी नसतं, थंडीतला सूर्य असतो फक्त.

मुलांना सांगते ते खरंच आहे, बाबा, तुम्हीच शिकवलेलं आहे. पण मुलं घरी गेली की मी दोन पाट मांडते, एकावर बसते, आणि दुसऱ्यावर ऊन येईपर्यंत तिकडे बघत राहते. हे पत्र मी कुठे टाकणार? पत्ता नाही, दिशा तेवढी माहीत आहे. म्हणून ते घडी करून खिडकीत ठेवते आहे, वर ती काडेपेटी ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून.