द्वारकेच्या कुडीतला हिरा

ठाणे, माघ शुद्ध ५, शके १८१०

गं. भा. गंगूस परशुरामाचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम, तुझे कळवीत जावे.

खोकला गेला का? अडुळशाचा काढा कडू म्हणून तू परसात ओतत असशील, हे मी इथे बसून सांगतो.

येसूचे लग्न फाल्गुनात पक्के झाले. आपली द्वारका गेली, तिच्यामागे तिच्याच घरी धाकटी बहीण जाते आहे; माणसे ओळखीची, म्हणून मला बरे वाटते. तुझी वहिनी मात्र लग्नाच्या तयारीला हात लावीत नाही.

पेच पडला आहे तो जावयांच्या अंगठीचा. त्यांच्या मातोश्रींनी द्वारकेच्या कुडीतला हिरा पुडीत बांधून पाठवला आणि निरोप दिला की, कुडी वाकली म्हणून मोडली, विश्रामरावांच्या अंगठीत हाच बसवावा. सोनाराने दुसरा नवा दाखवला आहे. लहान, पण पाणी फार स्वच्छ. वहिनीला जुन्याकडे पाहवत नाही. मला वाटते, पोरीची आठवण नवऱ्याच्या बोटात राहावी. येसूला विचारले, तर ती दोन्हींकडे न पाहता आत गेली.

तू जावयांच्या दोन घरे पलीकडे राहतेस. कोणता बसवावा ते लिही. एवढी भरीव कुडी वाकली कशी, तेही विचार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये. हा आशीर्वाद.

कल्याण, माघ वद्य २

तीर्थरूप अण्णांचे सेवेसी गंगूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

काढा पिते. चेष्टेला उत्तर देण्याचे मन नाही.

कुडीचे विचारायला हौसाकडे गेले. ती त्यांच्याकडे धुणेभांडी करी. दिवाळीनंतर ते घर सोडले. आधी टाळू लागली, मग रडत रडत सगळे सांगितले.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, तर पावसात प्रवास नको म्हणून त्यांनी आपल्याला कळवले. द्वारकेने तरी गाठोडे बांधले होते. एकटी स्टेशनावर जाईन म्हणाली. विश्रामरावांनी तिला कानाला धरून मागे ओढले. कुडी त्यांच्या हातात आली, कानाची पाळी फाटली आणि ती उंबऱ्यावर पोटावर पडली. आठवा महिना, अण्णा. सुईण उशिरा आणली. उजाडता मायलेकरे दोघेही गेली. मी पोचले तेव्हा सासूने तिचा पदर कानांवरून ओढून घेतलेला होता.

हा हिरा त्या कुडीतला. दुसरी कुडी येसूसाठी ठेवली आहे म्हणतात.

कुठलाच हिरा बसवू नका. येसू देऊ नका. तिला खडवलीला मामाकडे पाठवा. लोक बोलतील आणि थकतील. या वेळी माझे ऐका, एवढीच कृपा मागते.

ठाणे, माघ वद्य ८

गं. भा. गंगूस आशीर्वाद.

पत्र पोचले. वाचून चुलीत घातले. वहिनीस दाखवले नाही.

घर सोडून गेलेल्या मोलकरणीच्या बोलण्यावर लग्न मोडत नाही. द्वारका गेली त्या दिवशी विश्रामराव माझ्या पायांवर डोके ठेवून रडले, ते काय खोटे? आमंत्रणे गेली. येसूला तेरावे लागले. मोडलेल्या लग्नाची मुलगी कोण करून घेतो? तू एकटी असतेस, मनाला फार लावून घेतेस.

अंगठीत नवा हिरा बसवला. द्वारकेचा काल कोपरीला जाऊन खाडीत टाकला. हे कोणाशी बोलू नये. प्रकृतीस जपावे.

कल्याण, वैशाख शुद्ध ३, शके १८११

तीर्थरूप अण्णांस गंगूचा नमस्कार.

तुम्ही हिरा खाडीत टाकलात, तेव्हाच मला कळले की हौसाचे बोलणे तुम्हांला पटले आहे. मग पोर का दिलीत, हे विचारणार नाही.

माझ्या मागल्या दाराला कडी लावत नाही, हे येसूला सांगून ठेवले आहे. काल दुपारी आली. जात्यापाशी बसली. पाणी दिले, तर उजव्या हाताची बोटे मिटेनात. भांडे मीच तोंडाला लावले. काय झाले विचारले, तर अण्णांना लिहू नको म्हणाली. तरी लिहिते आहे. आजच्या आज निघा, तिला न्यायला या.

तेवढ्यात त्यांच्या परसातून द्वारके, द्वारके अशी हाक आली. लग्नात तेच नाव ठेवतो म्हणाले आणि तुम्ही ठेवू दिलेत. येसू उठली, तोंड पुसले आणि गेली.

लोभाचे दोन शब्द आज लिहवत नाहीत.

गंगू