घाबरून आलेली फुलं

प्रिय ठमे,

लिंबाच्या झाडाचं नीट कळवत नाही म्हणून फोनवर रागावलीस. राग रास्त आहे. मागच्या अंगणात पाण्याची टाकी बसवायची होती म्हणून मी तुझं झाड पुढे, फाटकाजवळ हलवलं. माहीतगार माणूस न बोलावता स्वतःच हलवलं. तीस वर्षं लोकांचे कपडे बेतले म्हणून झाडाचं माप थोडंच कळतं? मुळांभोवती मातीचा चांगला मोठा गड्डा ठेवायचा असतो. मी हात आखडता घेतला आणि अर्धी मुळं फावड्याखाली गेली. आठवड्याभरात पानं गळायला लागली, तशी मी सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतू लागलो. आई म्हणाली, बुडवून मारताय त्याला. मी अर्थातच ऐकलं नाही.

आणि महिन्याभरात ते फुललं. कमरेएवढं झाड, पानं मोजून वीस, अन् फुलं ही एवढी. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी हाताला धरून दाखवली. आईने फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवले, तुझे पाठवते तसेच.

मग रोपवाटिकेतला म्हातारा माळी शर्टाचं माप द्यायला आला. त्याने माझ्यादेखत एकेक फूल खुडून टाकलं. माझा संताप झाला. तो शांतपणे म्हणाला, मास्तर, हे आनंदाचं फुलणं नव्हे. मुळांनी जमीन धरली नाही, जगण्याची खात्री उरली नाही, की लिंबू असं घाबरून फुलतं. थोड्या फांद्या त्याने छाटल्या, उन्हाच्या बाजूला जुनी चादर बांधली आणि बजावलं, बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच पाणी घाला. जगेल का विचारलं, तर हातांची माती झटकून माप द्यायला उभा राहिला. काल एका फांदीला नखाएवढी पालवी दिसली. तेवढ्यावर मी हुरळून जाणार नाही.

त्या दिवसापासून कामात लक्ष नाही. घातलेली शिवण उसवतो, पुन्हा घालतो. त्या मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून लागून तुला चार महिने झाले. रोज फोटो येतो आणि प्रत्येकात तू हसतेस. घरी मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारी तू, हॉस्टेलच्या जेवणाला एकदाही नावं ठेवली नाहीस. विचारावं तर सगळं मस्त. आई म्हणते, पोर रुळली. मला भीती वाटते.

पहिल्या आठवड्यात तू दुकानात फोन केला होतास. बाबा, मला इथं नाही जमत, न्यायला या, म्हणालीस. माझ्या गळ्यात टेप, समोर गिऱ्हाईक. त्याला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, आमची मुलगी कच खाणारी नाही. पोरी, ते मी तुला म्हणालोच नव्हतो, त्याला म्हणालो होतो. त्यानंतर तू कधी तक्रार केली नाहीस. चुकलं माझं. फोनवर हे माझ्याने बोलवलं नसतं आणि तूही हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय. रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. माझ्यासाठी हसू नकोस. राहायचं की यायचं ते तूच ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. परतीची तिकिटं मात्र दोन काढली आहेत. एक वाया गेलं तरी चालेल.

तुझाच,
बाबा