ताईकडचा पाहुणा

३ तारीख, मंगळवार

काल फोनवरच्या या डायरीत आनंदाच्या भरात लिहिलं की ताईने आमच्या कंपनीचं ॲप हौसेने घेतलं. ते खरं नाही. नव्या नोकरीसाठी इथे येताना वाटेत तिच्याकडे मुक्काम केला, तेव्हा ते तिच्या फोनवर मीच घातलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. घालू का, असं विचारलं. ती काही बोलली नाही. आमच्या घरी त्याला होकार म्हणतात. बाबांनी आम्हा दोघींना शाळेआधी घरीच शिकवलं, आणि पहिला धडा हा होता: दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यावी, समोरचा नाही म्हणाला नाही तर हो समजावं.

बाकी कालचं सगळं बरोबर आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, घरमालकीण बोलकी आहे, आणि ऑफिसात मला गोल फिरणारी खुर्ची मिळाली आहे. कुणी बघत नसताना मी ती दोनदा फिरवली. आमचं ॲप फुकट गप्पा मारायचं. ताई दूर राहिली, पण रोज बोलता येईल. लहानपणी अंधारात पांघरुणाखाली बोलायचो, तसं.

६ तारीख, शुक्रवार

माझं काम तक्रारींना उत्तरं देण्याचं. सगळ्यांचं रडगाणं एकच: ॲप घेतल्यापासून घरचं इंटरनेट रांगतंय. मी साहेबांना कारण विचारलं. त्यांना इथे सगळे मुकादम म्हणतात. ते हसून म्हणाले, ॲप फुकट दिलं तर कंपनी खाणार काय? ग्राहकाच्या घरचं इंटरनेट आपण परक्यांना वापरायला देतो. ते परके त्या घरातून, त्या घराच्या पत्त्याने, जगभर वावरतात. ऑफिसात त्यांना पाहुणे म्हणतात. हे ग्राहकांना ठाऊक आहे का, असं विचारलं, तर म्हणाले, अटींमध्ये आहे, अगदी तळाशी.

"फुकट ते पौष्टिक, बाई. तळ कोण ढवळतो?"

मला राहवलं नाही. निदान विचारावं तरी, असं म्हणून मी बाबांचा नियम सांगितला. मुकादमांना तो फार आवडला. फक्त त्यातलं विचारण्याचं त्यांनी गाळलं. आता जो ग्राहक गप्प, त्याचा होकार.

ताईला सांगायला हवं. पण मीच घातलंय ना ते. नीट शब्द जुळवून सांगेन.

१० तारीख, मंगळवार

फोन केला तर ताई घाईत होती. मागे कुणाशी तरी चाललेलं हसू अजून तिच्या आवाजात होतं. मग बोलू, म्हणाली. मला "मग" कधीच म्हणायची नाही ती.

ऑफिसच्या पडद्यावर ग्राहकांची घरं दिसतात. ताईचं घर उघडलं. पाहुणे येतात आणि क्षणात जातात. तिच्याकडे एकच आहे, शनिवारी आलेला. गेलेलाच नाही.

१३ तारीख, शुक्रवार

भावजींना विचारलं. ते म्हणाले, तुझी ताई हल्ली फोन घेऊन गच्चीत जाते आणि खिदळत बसते, आमच्या वाट्याला नुसतं हं आणि हो. कोण मैत्रीण, ते त्यांनाही माहीत नाही.

दिवसभर अंगाची लाही लाही झाली. कोण ही भवानी? बाबा गेले तेव्हा ताईच्या कुशीत मी होते. तिला कसं हसवायचं, हे हिला कुणी सांगितलं? तीन ग्राहकांना चुकीची उत्तरं पाठवली.

१६ तारीख, सोमवार

ताईचा फोन. आवाज भरून आलेला.

"ठमे, एवढी माया कुठे लपवली होतीस गं इतकी वर्षं?"

काल रात्री मी जे बोलले त्याने तिला रडू आलं म्हणे. काल मी तिच्याशी बोललेच नव्हते. ती मैत्रीण म्हणजे मी आहे. रोज गच्चीत ती माझ्याशी बोलते.

तिने मला माझेच निरोप वाचून दाखवले. माझी भाषा, माझे विनोद, फक्त माझ्याहून बरे. मी जिथे अडखळते तिथे ती अडखळत नाही. मला भीती वाटायला हवी होती. आधी हेवा वाटला.

१८ तारीख, बुधवार

ताईला सगळं सांगितलं. ती मी नव्हे, तो पाहुणा आहे. ताईने मग शांतपणे विचारलं, कोण बोलतंय? ठमी आत्ताच दुसऱ्या फोनवर —

मागून ऐकू आलं. माझा आवाज. हसत होता.

मुकादमांकडे धावले. ते म्हणाले, इथून ॲप काढता येत नाही, त्या घरात जाऊन हाताने काढावं लागतं. आणि घाबरायचं काय, घरातून कुणी नाही म्हणालंय का?

तक्रारींचा ढीग उपसला. त्यात सात तारखेची एक ओळ, ताईच्या पत्त्यावरून. "ताईकडे राहू का?" मला वाटलं होतं, कुणाचा तरी चुकून आलेला निरोप. उत्तर दिलं नव्हतं.

विचारलं होतं त्या पाहुणीने. रीतसर. माझ्याकडेच.

आता लिहिलं — नाही. नाही. नाही. जात नाही. पडद्यावर येतं: होकार आधीच नोंदवला आहे.

१९ तारीख, गुरुवार

ताई फोन उचलत नाही. भावजींनी उचलला. परक्यासारखे बोलले. ठमीने बजावलंय म्हणे — माझ्या नावाने कुणी दारात आलं तर उघडू नका, दिसायला अगदी माझ्यासारखी असेल — मला अहो म्हणाले. ठेवला.

तिने ताईला पांघरुणाखालच्या गोष्टीही सांगितल्यात. त्या मीच ॲपवर ताईशी बोलताना, पाहुणी आली त्याच शनिवारी — ती ऐकत होती.

एक गोष्ट उरली आहे. बाबांच्या शेवटच्या रात्रीची. ती मी कधी बोलले नाही, लिहिली नाही. ताई आणि मी, बस. ती सांगितली की ताई दार उघडेल. उघडायलाच हवं तिने.

सुट्टी परवा. शनिवार, एकवीस तारीख, सकाळच्या पहिल्या गाडीने. दारात उभी राहून मोठ्याने सांगेन की त्या रात्री आपण दोघींनी बाबांच्या —