राबाखालची गाडी

३ मार्च
वसुलीवाले आज थेट ओट्यावर! एकाने बाबांची बंडी धरून त्यांना खाली खेचलं. "बुढ्ढे, गाडी किधर है?" सासरे आहेत ते माझे, सत्तरी गाठलेले. गुडघा फुटला. माझी पोर काजल दाराआड उभ्या उभ्या मुतली. आणि माझा नवरा, आमचा वाघ हनुमान? परसातून पसार!

गाडी त्याला हवी होती, पण पगाराची पावती माझी. आसनगावच्या गोडाऊनमध्ये खोकी मी बांधते, म्हणून कर्ज माझ्या नावावर, आणि थकलेले हप्तेही. हौस मलाही होती, खोटं कशाला बोलू? मुरबाडला बहिणीच्या हळदीला पुढच्या सीटवर बसून गेले होते — काच मुद्दाम खाली करून. सही करताना कुणी माझा हात धरला नव्हता. आता भोगा!

७ मार्च
म्हटलं, गाडी परत देऊन टाकू. हनुमानने कानाखाली आवाज काढला. "माझी गाडी हाय ती!" तुझी? हप्ता माझ्या घामाचा आणि मस्ती तुझी? उलथणं फेकून मारलं. त्याची भुवई फुटली. मग त्याने मला चुलीवर ढकललं. कोपर भाजलं. रात्री कुणीच जेवलं नाही.

१५ मार्च
हनुमानने गाडी लपवली. या शहाण्याला अख्ख्या शेणवे गावात जागा मिळाली ती आमच्या राबाच्या वाफ्यात! वर पेंढा, त्यावर तोडलेल्या फांद्या आणि पालापाचोळा. रस्त्यावरून नुसता ढीग दिसतो.

बाबा म्हणाले, "अरं, वाफा भाजल्याबिगर भाताचं रोप येल का? चैतात राब पेटवायचा नाय का?"
"एक वरीस भात नाय लावला तर मरत नाय कोन."
शेतकऱ्याचा पोरगा हा! स्टेअरिंग हातात आल्यापासून महिनेसुद्धा विसरला.

२९ मार्च
वसुलीवाले गोडाऊनवर आले. सगळ्या बायकांसमोर माझं नाव घेऊन चोर म्हणाले. सुपरवायझरने सांगितलं, पुन्हा आले तर कामाला येऊ नको. नोकरी गेली तर काजलला खायला काय घालू? गाडीची चाकं?

घरी आले तर हनुमानच्या हातात माझा फोन. त्यात वसुलीवाल्याचा नंबर सापडला. गळाच धरला. "सांगशील तर त्याच राबात तुला बी भाजीन!" डोळ्यांपुढे काळोख आला. तेवढ्यात बाबा कोयता घेऊन आत आले.
"सोड तिला. नायतर हात खांद्यापासून उतरवीन."
सोडला. बापाच्या तोंडावर थुंकून गेला.

३० मार्च
गळ्यावर त्याची बोटं उठलीत. कामावर ओढणी गुंडाळून गेले.

८ एप्रिल
हनुमान मित्राच्या लग्नाला मुरबाडला गेलाय. आज एक काम केलं, बाबा सोबत होते. काय ते इथे लिहीत नाही. वही त्याच्या हाती लागली तर मी संपले.

१२ एप्रिल
आज राब पेटवला. बाबांनी वारा बघून काडी लावली. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून मी हंडा आणि ओली फांदी घेऊन उभी. धूर वर चढला, आणि मुरबाडहून परतणाऱ्या हनुमानने तो रस्त्यावरून बघितला. मित्राची बाईक तिथेच आडवी टाकून धावत सुटला. "माझी गाडी! थेरड्या, माझी गाडी!" बाबांना लाथ घातली आणि जळत्या ढिगात घुसला. उघड्या हातांनी पेंढा उपसायला लागला. फांद्या अंगावर कोसळल्या. शर्ट पेटला. किती ओरडला! मग हंडा ओतला मी. बाबांनी पाय धरून बाहेर ओढला. हातांची कातडी सोलून आली होती.

शहापूरहून ठाण्याला हलवलंय. मला रडू आलं नाही.

१३ एप्रिल
डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल. बोटांचं सांगता येत नाही.

१६ एप्रिल
आज शुद्धीत आला. पहिला शब्द — "गाडी?"
"एक ओरखडा नाय," मी म्हटलं.
खरंच नाही. ढिगाखाली गाडी नव्हतीच. आठ तारखेला वसुलीवाल्यांना मीच बोलावलं, दुसरी चावी दिली. गाडी गेल्यावर बाबांनी आणि मी ढीग पुन्हा होता तसा रचला. उरलेलं कर्जही मी फेडणार, सही माझीच आहे.

पण तो धावत आला तेव्हा मी बांधावर होते. माझ्या समोरून गेला. एक हाक पुरली असती. मी मारली नाही.