तारेवरची फडकी

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय भुश्या,

अनेक आशीर्वाद. तुला आता चष्मा लागला असेल, पोटही सुटलं असेल, पण मी दुसऱ्या नावाने हाक मारायची नाही. केसांत, कानांत, जेवायच्या ताटात भुसा घेऊन फिरणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त. ऐंशी पूर्ण झाली तरी रोज सकाळी कारखान्यात येऊन बसतात आणि प्रत्येक खुर्चीचा पाय हलवून बघतात. तुझं वर्षाचं पत्र मिळालं. चार ओळी, शेवटी 'बाबांना नमस्कार'. ते मी नसताना दोनदा वाचतात, खिशात ठेवतात आणि संध्याकाळी मला विचारतात, "काय म्हणतोय तो?" तोरा तसूभर कमी नाही.

माझी पत्रं तरी कुठे शहाणी? गुडघे, पाऊस, लाकडाचे वाढते भाव. सव्वीस वर्षं मी तुला हेच लिहितेय. आज वेगळं लिहायचंय, म्हणून आधी इकडचं तिकडचं चाललंय, ते तू ओळखलं असशीलच.

काल कारखान्याच्या अंगणात उभी होते. तुझी फडकी वाळवायची तार आठवली. पॉलिशवाल्या काकांनी तुला शिकवलं होतं, जवसाच्या तेलाची फडकी काम झालं की सुटी करून एकेक वाळत घालायची. तू लाकडाचे चिमटे स्वतः बनवलेस आणि त्या कळकट चिंध्या ओळीने लटकवायला लागलास. सगळे म्हणायचे, भुश्याचं धुणं वाळतंय. मला त्याची लाज वाटायची. येणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी त्या चिंध्याच दिसायच्या! काका हसायचे. "ताई, तेलाचं फडकं आणि रागावलेला माणूस, दोघांनाही कोंडून ठेवू नये." मी म्हणायचे, तुम्हाला दोघांना आवराआवर नको, म्हणून ही तत्त्वज्ञानं.

किती छान दिवस होते रे. रंध्याचा आवाज, ताज्या लाकडाचा वास, दुपारी सगळे एकाच बाकावर जेवायला, आणि तू माझ्या डब्यातली भाजी पळवणार हे ठरलेलंच. त्या बाकाचा एक पाय अजून आखूड आहे. मी दुरुस्त करू देत नाही.

आता मुद्द्यावर येते.

गुरुवारी अग्निशमन खात्याचे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी सगळं उघडून पाहिलं. भुसा रोज संध्याकाळी पोत्यांत भरून बाहेर जातो. थिनरचे डबे वेगळ्या खोलीत, घट्ट झाकणांचे. दोन्ही दारांपर्यंत वाट मोकळी, जिन्याखाली काडीसुद्धा नाही. तेलाची फडकी पत्र्याच्या पिंपात, पाण्यात बुडवून, वर झाकण. साहेब म्हणाले, "बाई, बाकीच्या कारखानदारांना इथे आणून दाखवायला हवं."

बाबांची छाती फुगली. "ही लहानपणापासून टापटीप. मागे आग लागली तेव्हासुद्धा हिने वाट मोकळी ठेवली होती, वाळूच्या बादल्या भरलेल्या होत्या, म्हणून एका खोलीवर निभावलं. नाहीतर आमच्या चिरंजीवांनी सिगारेट टाकून सगळ्याची राख केली असती."

भुश्या, ती आग तुझ्या सिगारेटने लागली नव्हती. माझ्या टापटिपीने लागली.

आग लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाले टेबलं बघायला येणार होते, आठवतं? तू सकाळीच लाकूड आणायला गेला होतास. काका लेकीकडे गेले होते. मी तारेवरची सगळी फडकी काढली. सतरा होती, अजून ओली. रुमालासारखी चौघडी घातली, एकावर एक रचली, पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून बसवली आणि खोकं सामानाच्या खोलीत भुशाच्या पोत्यांवर ठेवलं. अंगण कसं स्वच्छ दिसत होतं! मी दाराशी उभी राहून स्वतःवरच खूश झाले होते.

दुपारी तू परतलास आणि आम्ही सगळे बाकावर जेवत असताना धूर आला. तुझ्या खिशात पाकीट सापडलं. तू ओरडून सांगत होतास, "आज मी एकही ओढली नाही." कुणी ऐकलं नाही. मीही नाही. खरं सांगते, तोपर्यंत मला काही कळलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी तुला दार दाखवलं आणि तू गेलास.

आठव्या दिवशी काका आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तारेवरची फडकी कुणी काढली?" मी म्हटलं, मला काय माहीत. मग त्यांनी आपणहून सांगितलं की ते तेल वाळताना तापतं. पसरलेलं असलं तर ऊब वाऱ्यावर जाते. घडी घालून कोंडलं तर ते आतल्या आत पेटतं, त्याला काडी लागत नाही. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. नंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

तेव्हाच तुला बोलवायला हवं होतं. पण बाबा दिवसभर सगळ्यांना सांगत होते, पोरीमुळे वाचलो, पोरीमुळे वाचलो. आयुष्यात पहिल्यांदा ते माझं कौतुक करत होते आणि मला ते सोडवेना. एवढंच कारण आहे. मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. ती तार मी गुंडाळून टाकून दिली, आणि पिंप आणलं.

गुरुवारी साहेब गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, कडाडतील. ते त्या रात्री जेवले नाहीत. निजायला जाताना म्हणाले, "मी त्याला विचारलंसुद्धा नाही गं. नुसतं दार दाखवलं."

काल सकाळी अंगणात ठोकाठोक ऐकू आली. बघते तर बाबा स्टुलावर चढलेले, हातात हातोडी! मी ओरडले. ते म्हणाले, "गप्प बस, तार बांधतोय." एका भिंतीत हुक बसवला. दुसऱ्या भिंतीपाशी गेले आणि पेन्सिल हातात धरून नुसते उभे राहिले. मग मला विचारलं, "तो हात वर करून फडकी टाकायचा. किती उंच होता गं तो?"

मी भिंतीवर हात ठेवला, वर सरकवला, परत खाली आणला. बाबांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

दुसरा हुक बसवलेला नाही. ते म्हणाले, त्याला उभा करून खूण करू. तार एका टोकाने लोंबतेय, येता-जाता डोक्याला लागते. पसारा मला सहन होत नाही हे तुला माहीत आहे, पण तिला मी हात लावणार नाही.

मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर. पण बाबांसाठी ये. मी समोर नको असेन तर तेवढा दिवस घरी थांबेन.

चिमटे मी जपून ठेवलेत. सतराच्या सतरा.

तुझी,
त्या फडक्यांची घडी घालणारी
ताई