पोस्ट बॉक्स नावाचं मशीन

दुबई,
१४ नोव्हेंबर २००२

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते न फोडता फ्रिजवर ठेवून देशील, अशी मला भीती आहे. म्हणून प्रकाशला बजावलंय की, अनूने समोर पाकीट फोडल्याशिवाय तिच्या घरचा चहा घ्यायचा नाही. प्रकाश म्हणजे तुझ्या सुजीतभाऊजींच्या वर्कशॉपमधला आपल्या सांगलीचा सुपरवायझर, उद्या सुट्टीवर निघालाय. त्याला चहा फार प्रिय आहे, तेव्हा त्याच्याकडे बघून तरी वाच. मला नीट क्रमाने सांगता येईल की नाही, कोण जाणे. गेले सहा दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही. जे झालं ते मला अजून निम्मंच समजलंय, आणि ते निम्मं तुला समजावून सांगायचंय.

तुझी मेल मला १८ सप्टेंबरला मिळाली. बँकेखालच्या सायबर कॅफेत बसून तू इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतंस. एरवी मला ते वाचताना हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. तू लिहिलं होतंस, आईचं करता करता सहा वर्षं झाली, माझी पाठ गेली, परवा आईला उचलताना आम्ही दोघी पडलो, तू तिला थोडे महिने नेशील का, हो की नाही एवढंच दसऱ्यापर्यंत कळव. फोनवर या विषयावर बोलू नकोस, फोन तिच्या उशाशी आहे. उत्तर आलं नाही तर नाही समजेन आणि पुन्हा विचारणार नाही. एवढंच होतं. मी ती ऑफिसच्या प्रिंटरवर छापली आणि पर्समध्ये ठेवली, अजून तिथेच आहे. आणि अनू, मी तुला दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं होतं. हे वाक्य हवं तर दोनदा वाच.

आता मशीनचं सांगते. तुला माहीत आहे, सुजीतच्या एसी डक्टच्या वर्कशॉपचं ऑफिस मी सांभाळते, अल क्वोजला. गेल्या वर्षी तिथे चोवीस तास इंटरनेट देणारी नवी लाइन घेतली आणि माझ्या डोक्यात शिरलं की, आपली मेल आपल्या कंपनीच्या नावाने जायला हवी, सगळ्यांसारखी फुकटच्या अकाउंटवरून नाही. ओवी म्हणालीसुद्धा, "ममा, व्हाय कान्ट यू जस्ट यूज अ फ्री अकाउंट लाइक एव्हरीबडी?" पण ऐकेल ती तुझी ताई कसली. एक जुना कॉम्प्युटर बाजूला काढला, बाजारातून मेल पाठवायच्या प्रोग्रॅमची सीडी आणली, आणि पुस्तक मांडीवर घेऊन तीन दिवस बसले. त्यात एके ठिकाणी मशीनने विचारलं, तुझं नाव-पत्ता काय? मला काय कळणार? इथे सतरा वर्षांत मी कुणाला घराचा पत्ता सांगितलेला नाही. इथे घराला पत्ताच नसतो गं. माणसाला सांगायचं तर टायरच्या दुकानामागे, निळं गेट. कागदावर लिहायचं तर पोस्ट बॉक्सचा नंबर. हात सवयीने तिकडेच गेला. मी ‘पीओबॉक्स’ लिहिलं, त्याला चिकटवून आमचा नंबर लिहिला आणि एंटर मारलं. मशीनने मुकाट्याने घेतलं. मी त्या दिवशी शिरा केला होता.

आणि सगळं चालत होतं! हेच मला अजून पचत नाही. इथल्या गिऱ्हाइकांना कोटेशन जात होती, त्यांची उत्तरं येत होती, तुझी मेलसुद्धा आली. मग तुझ्या एकटीच्याच बाबतीत शंका का घ्यायची? दसरा गेला, तू गप्प. मी पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा जरा रागावून लिहिलं. तरी तू गप्प. दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करायचे, तर तू हवापाण्याचं बोलायचीस, परक्या बाईशी बोलावं तशी. मी एकदा आडून विचारलं, मी पाठवलं ते पोचलं ना? तू म्हणालीस, पोचलं. तू खजूर-बदामाच्या पार्सलबद्दल बोलत होतीस, हे मला आता कळतंय. मला तेव्हा वाटलं, हिला माझा होकार मिळाला आणि तरी तोंड फुगवून बसलीये. मग मलाही राग आला. खरं सांगते, फार राग आला. सुजीतला म्हटलं, हिला आईला सोडायचंच नाहीये, नुसतं मला बोल लावायला निमित्त हवं होतं. हे मी म्हटलं, अनू. लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी वर्कशॉपच्या मुसलमान कामगारांसाठी इफ्तारचं जेवण करायचं होतं, म्हणून फोन दुपारीच केला. तू बँकेत होतीस. तुमच्या कामवाल्या ठकुबाईने उचलला आणि आईच्या कानाला लावला. इतक्या वर्षांत आई आणि मी, मध्ये कुणी नसताना बोललोच नव्हतो बहुतेक. आई आधी ओवीची चौकशी करत राहिली. मग आवाज खाली करून म्हणाली, "लते, तू नाही म्हणालीस असं अनूचा नवरा, आत्माराम, स्वयंपाकघरात तिला सांगत होता. मला ऐकू आलं. राग नाही हो माझा. तुझंही घर आहे." आणि मग विचारलं, तिथे आता थंडी पडली का? मी काहीतरी उत्तर दिलं.  फोन ठेवला. आपण दोघी तिच्यापासून लपवत होतो, आणि तिला सगळं माहीत होतं. एकच गोष्ट माहीत नव्हती, मी हो म्हटलंय ही.

दुसऱ्या दिवशी मी तय्यबला बोलावलं. हा शेजारच्या गोदामांचे कॉम्प्युटर सांभाळतो, रत्नागिरीकडचा आहे, पण माझ्याशी हिंदीच बोलतो. रोजा असताना घोटभर पाण्याशिवाय चार तास त्या मशीनसमोर बसला. शेवटी त्याने एक डबा उघडून दाखवला. मशीनमधला. त्याचं नाव पोस्टमास्टर. जे जे परत येतं ते त्यात पडतं, आणि तो अधूनमधून उघडून बघायचा असतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आत एक्केचाळीस मेल पडल्या होत्या, त्यातल्या तीन तुला लिहिलेल्या. तय्यब म्हणाला, "भाभी, सामनेवाला मशीन पूछता है, कौन है भाई? आपका मशीन बोलता है, पोस्ट बॉक्स. वो दुनिया की डायरी में ढूँढता है, ऐसा कोई नाम ही नहीं. बोलता है, चोर होगा, खलास." इथली काही मशीनं भोळी, ती विचारत नाहीत. तुझ्या फुकटच्या अकाउंटचं मशीन विचारतं. म्हणजे मी ज्याला नावं ठेवली, तेच जास्त शहाणं निघालं.

पुढचं मला अर्धवटच कळलंय. मशीनचं नाव पूर्ण हवं, मध्ये टिंबं असलेलं, आणि ते नाव शोधणाऱ्याला आमच्या इंटरनेट लाइनचा नंबर सापडायला हवा. पण आमची लाइन तुटून पुन्हा जोडली की टेलिफोन कंपनी दरवेळी वेगळाच नंबर देते. काल एक, आज एक. मग नावावरून नंबर सापडणार कसा? मी तय्यबला हे तीनदा विचारलं आणि तीनदा मान डोलावली. त्याने कुठेतरी नाव नोंदवलं, नंबर बदलला की आमचं मशीन आपणच तिथे जाऊन नवा कळवतं म्हणे. आणि तरीही जाणारी मेल आपण थेट नेऊन द्यायची नाही, टेलिफोन कंपनीच्या मशीनकडे सोपवायची, त्यांना सगळे ओळखतात. तेवढं मात्र मला चटकन समजलं. पत्र स्वतः घरोघर वाटत फिरायचं नाही, पोस्टात टाकायचं. आता मेल जाते. ओवीच्या अकाउंटवर गेली, तुझ्याही अकाउंटवर गेली असेल, पण मशीनवर माझा विश्वास राहिलेला नाही. सोमवारी बँकेत फोन केला, तर तू काउंटरवर गर्दी आहे म्हणून ठेवून दिलास. तुझी चूक नाही.

तुझी खरंच चूक नाही. शहाण्णव साली आई पहिल्यांदा पडली तेव्हा तू मला असंच विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, बघू गं. ओवी लहान होती, घर लहान होतं, ते सगळं खरं होतं. पण मी त्यानंतर सहा वर्षं बघतच राहिले. तेव्हा माझं उत्तर आलं नाही तर ते मशीनमुळे असेल, असं तुझ्या मनात कशाला येईल? माझ्याकडून तुला कधी दुसरं काही मिळालंय? नावाचा घोटाळा मशीनने केला, पण तुला तो खरा वाटला, ती माझी कमाई आहे.

म्हणून परत आलेल्या मेलचे कागद मी पाठवत नाही. कुणीही म्हणेल, काल टाइप केले असतील. त्याऐवजी सोबत दोन झेरॉक्स आहेत. एक आईच्या व्हिसाचा आहे. तो ५ ऑक्टोबरला मिळालाय, दोन महिन्यांच्या आत तिने इथे उतरायला हवं, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या तीन-चार तारखांपर्यंतच. दुसरा त्याच्या अर्जाचा. टायपिंगवाल्याने अरबीत टाइप केलाय, मलाही वाचता येत नाही, पण वर शिक्का आहे आणि शिक्क्यात तारीख इंग्रजी आकड्यांत आहे. ती नीट बघ. २१ सप्टेंबर. तुझी मेल आली त्याच्या तिसऱ्या दिवशी. ओवीच्या खोलीत आईचा पलंगही तेव्हापासून मांडलेला आहे, बाजूला कठडा असलेला. माझं २५ तारखेचं तिकीट आहे, आईला मी न्यायला येतेय. ती नको म्हणाली तर मिरजेत राहीन, तिला मी उचलेन, आणि तू पंधरा दिवस पाठ टेकून झोप. पुढच्या शुक्रवारी, २२ तारखेला, संध्याकाळी फोन करीन. आई उशाशी असेल, असू दे. या वेळी तिच्यादेखतच विचार मला, मोठ्याने विचार, हो की नाही. सहा वर्षांपूर्वी द्यायचं उत्तर मला तिच्या कानावर घालायचंय.

तुझीच, उशिरा पोचलेली,
लतिकाताई