दिनविशेषाखालची ओळ

ता. कागल, जि. कोल्हापूर
शनिवार, १८ नोव्हेंबर २००६

चि. आक्काताई,

भरमाप्पा मास्तरांचे आशीर्वाद. अक्षरावरून ओळखशील की नाही, शंका आहे. तुझा नाशिकचा पत्ता तुझ्या भाचीकडून, श्रुतीकडून घेतला. "आत्याला पत्र? तुम्ही?" असं म्हणून तिनं वहीचा कागद फाडून पत्ता लिहून दिला. ती आपल्याच शाळेत शिकवते आणि चांगलं शिकवते. ग्रंथालयातलं तुझं काम कसं चाललं आहे? पुस्तकांच्या वासात दिवस जातो, यासारखं भाग्य नाही.

इकडं सगळं ठीक. उसाच्या तोडी सुरू झाल्यात, रस्ताभर पाचट. माझी बायको गंगव्वा गेली त्याला चार वर्षं झाली. मी मुलगा-सुनेकडं आहे. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी शाळेच्या व्हरांड्यातला दिनविशेषाचा फळा अजून मीच लिहितो. संध्याकाळी शाळा सुटली की जायचं, उद्याची तारीख घालायची, त्या दिवशी कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं ते चार ओळींत लिहायचं. सकाळी पोरं ते मोठ्यानं वाचतात. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम राहिलं आहे, दुसरं काही नाही.

रिकाम्या शाळेत उभं राहिलं की जुने वर्ग ऐकू येतात. चाळीस गळे एका चालीवर कविता म्हणायचे तेव्हा कौलांवरची कबुतरं उडायची. मी डोळे मिटून टेबलावर बोटांनी ठेका धरायचो. ते दिवस सोन्याचे होते असं मी सगळ्यांना सांगतो. तुला सांगताना मात्र लेखणी अडते. असो.

मुद्द्यावर येतो. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी, तेरा तारखेला शाळा उघडली. त्या दिवशी शिक्षक आणि संस्थेची माणसं चहाला बसली होती. श्रुतीनं एक मागणी मांडली: डिसेंबर महिनाभर परिपाठात आणि दिनविशेषाच्या फळ्यावर फक्त आपल्या बौद्ध वस्तीचा इतिहास असावा. वस्तीतली जुनी माणसं येऊन बोलतील, पोरं लिहून घेतील.

सयाजीला तू ओळखतेस, गणपतरावांचा मुलगा. बापानंतर आता संस्थेचा अध्यक्ष तोच. तो म्हणाला, "मग आमच्या इतिहासाला कुठला म्हैना हाय ते बी सांगा की."

किराणा दुकानवाला श्रीशैल, तोही कमिटीवर आहे, हसून म्हणाला, "आमाला वैशाख द्या, बसवजयंतीचा. जैनांस्नी चैत्र. पावशेर-पावशेर पुड्या बांधून वाटून टाकूया की!"

सगळे हसले. श्रुती हसली नाही. म्हणाली, "महिना मागितला तर एवढं हसू येतंय. मग उरलेल्या अकरा महिन्यांत आम्ही कुठं असतो, तेवढं सांगा सर."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तिथं सगळ्यात म्हातारा मी. मी उभा राहिलो आणि छान बोललो. इतिहास म्हणजे वाहती नदी, तिला एका महिन्याच्या घागरीत कोंडू नये. सगळ्यांचा इतिहास, बाराही महिने. एकाला वेगळं काढणं हाही भेदच. टाळ्या पडल्या. सयाजी म्हणाला, "मास्तर, हेच लिहून द्या. रविवारी सव्वीसला बैठक हाय, तुमच्या मतावर ठराव करू." श्रुतीही म्हणाली, "सरांचं मत आम्हालाही मान्य असेल." तिनं असं का म्हणावं, कळत नाही. तू तिला काही सांगितलेलं दिसत नाही.

त्याच संध्याकाळी मी चौदा तारखेचा फळा लिहिला. बालदिन, चार ओळी. सकाळी फिरायला गेलो तर खाली पाचवी ओळ होती.

"१९६३ : पिराजी भागोजी यांनी ओढ्याकाठचे आपले दोन एकर रान शाळेस दिले."

आक्काताई, अक्षर माझं होतं. शिरोरेघ शेवटाला किंचित वर जाते, तशीच. त्या ओळीखाली खडूच्या धुळीत एक माग होता. बोटाचा. लिहिता-वाचता न येणारा माणूस अक्षराखालून बोट सरकवतो तसा, थांबत थांबत, ओळीच्या शेवटापर्यंत.

मी ते पुसलं. कुणी पाहिलं नाही.

बुधवारी पुन्हा. "१९६३ : पायाचे दगड पिराजींच्या घरच्यांनी ओढ्यातून वाहून आणले. त्यांच्या मुलाच्या पायाचे बोट चिरडले." गुरुवारी : "मुलगा लंगडत दगड वाहतो आहे." शुक्रवारी : "भरमाप्पा मास्तरांनी कोनशिलेसाठी चार ओळींची कविता केली." ती कविता मी त्या दिवशी केली हे गंगव्वाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. प्रत्येक ओळीखाली तो बोटाचा माग. पोरं यायच्या आत मी रोज पुसत होतो.

सुनेला विचारलं, मी कधी झोपेत उठून बाहेर जातो का. विद्याश्री म्हणाली, "मामंजी, तुमाला कडी तरी काढाय येती का? रोज मला हाक मारता." हेही खरं. उजव्या हाताच्या नखात खडू असतो, पण तो तर गेली पन्नास वर्षं आहे.

आज तर हद्द झाली. ओळ अशी : "पिराजींचे नाव कवितेत बसेना."

खरंच बसत नव्हतं. वृत्त असतं, आक्काताई, अक्षरं मोजावी लागतात. त्यात कुणाचा दोष नाही. तुला एवढंच विचारायचं होतं की तुझ्या आजोबांबद्दल, पिराजींबद्दल, तुझ्या घरात काही बोललं जात असे का, त्या कोनशिलेबद्दल. सवडीनं लिही.

सोमवार, २० नोव्हेंबर

पत्र पेटीत टाकायला गेलो आणि परत आलो. वर जे लिहिलं त्यातली एक गोष्ट खोटी आहे.

नाव बसत होतं. कविता आठ-आठ अक्षरांची होती :

पिराजीने दिली माती
शाळा उभी या रानात
उजेडाला आता वाट
घराघरांत मनांत

मोजून बघ. कुठं अडतं का? गणपतराव माझ्या घरी आले, सोप्यात बसले, कविता ऐकली. म्हणाले, "ब्येस हाय. पर मास्तर, उद्या लोक म्हणतील, पोरं त्यांच्या रानात बसवली. निम्मी नावं काढून नेतील. शाळा चालली पायजे का कविता?" मी अठ्ठावीस वर्षांचा. नोकरी कायम व्हायची होती. ते गेल्यावर पहिली ओळ बदलली. 'गणपतरावांची कृपा.' ही ओळ नऊ अक्षरांची आहे. वृत्तात न बसणारं नाव त्यांचं होतं. त्रेचाळीस वर्षं येता-जाता ते एक जादा अक्षर मला टोचतं आहे आणि मी स्वतःला सांगत आलो की पिराजींचं नाव बसलं नाही.

काल, रविवारी, फळ्यावर होतं : "आज गणपतराव मास्तरांच्या सोप्यात बसले." आज : "पाथरवटाने ओळ कोरली."

उद्या एकवीस. एकवीस नोव्हेंबर १९६३ ला कोनशिला बसली. उद्या तिथं काय लिहिलेलं असेल ते मला ठाऊक आहे, आणि ते पोरांनी परिपाठाला मोठ्यानं वाचायच्या आत मला पोचायला हवं. बैठकीत वाचायचं माझं मत लिहून तयार आहे. सयाजीनं दोनदा माणूस पाठवून विचारलं. श्रुती भेटली की फक्त नमस्कार करते.

मंगळवार, २१ नोव्हेंबर, सकाळ

सात वाजता शाळेत पोचलो. ऊन व्हरांड्यात आलेलं. काल संध्याकाळी मी लिहिलेल्या चारही ओळी गेल्या होत्या. फळा स्वच्छ काळा. त्यावर मधोमध फक्त बोटाचा माग, डावीकडून उजवीकडं, अक्षराएवढं अंतर सोडत, थांबत थांबत. बोटाखाली वाचायला काहीच नव्हतं. आणि माझ्या पाठीमागं कुणीतरी वाचून दाखवायची वाट बघत उभं असावं, असं वाटत होतं. मी वळून बघितलं नाही. भिऊन नाही. लाजून.

मग मी लिहिलं. जे तुला कधीच लिहिलं नाही ते आधी फळ्यावर लिहिलं. आता इथं लिहितो.

त्या दिवशी समारंभ संपला, माणसं पांगली आणि तुझे आजोबा कोनशिलेपाशी आले. धुतलेला पटका, हातात नारळ. म्हणाले, "मास्तर, आमाला कुठलं वाचाय येतंय. माझं नाव कुठं हाय ते दावा की." मी त्यांचं बोट हातात धरलं. जाड, भेगाळलेलं बोट. ते गणपतरावांच्या नावावर ठेवलं, अक्षराखालून सरकवत नेलं आणि तोंडानं म्हटलं, "पिराजीने दिली माती." सगळी कविता म्हटली, माझी मूळची. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग दगडाला हात लावून तो हात कपाळाला लावला.

दर वर्षी त्या तारखेला ते नारळ घेऊन यायचे. बोट त्याच ओळीवर ठेवून कविता पाठ म्हणायचे. माझ्या चाळीस पोरांपेक्षा चांगली चाल होती त्यांची. मी वर्गातून ऐकायचो आणि खिडकी लावून घ्यायचो.

चौथ्या वर्षी ते तुला घेऊन आले. तू तिसरीत होतीस, परकराचा ओचा खोचलेला. मला हाक मारली त्यांनी. तू दगडाकडं बघत होतीस. म्हणाले, "मास्तर, पोरगी म्हणती न्हवं का, हितं माझं नावच न्हाई. दुसरंच काय तरी हाय म्हणती."

तू माझ्याकडं बघितलंस. तुला खरं ठाऊक होतं आणि तुझी खात्री होती की मास्तर आता खरं सांगतील.

मी म्हणालो, "लहान आहे. अजून तिला नीट वाचता येत नाही."

तुझे आजोबा किती हसले! "मास्तरापरास श्यानी झालीस व्हय गं?" म्हणून तुझ्या पाठीत थाप मारली. ते त्या वर्षाच्या शेवटाला गेले. आणि तू त्यानंतर माझ्या वर्गात कधी मोठ्यानं वाचलं नाहीस. 'वाच' म्हटलं की उभी राहायचीस, पुस्तक उघडं धरायचीस आणि गप्प. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, 'वाचन कच्चे'. दोन वर्षं लिहिलं.

हे सगळं फळ्यावर मावलं नाही. दगडावर काय कोरलं आहे, पिराजींना काय वाचून दाखवलं आणि हे कुणी केलं, एवढं लिहून खाली माझं नाव घातलं. हात खाली घेतला. तेव्हा माझ्या देखत, लख्ख उन्हात, पहिल्या अक्षराखालची धूळ सरकली. मग दुसऱ्या. वारा नव्हता, समोरच्या झाडाचं पान हलत नव्हतं. एकेक अक्षर करत ते ओळीभर गेलं, पुढच्या ओळीवर आलं आणि 'पिराजी' या शब्दाखाली थांबलं. फार वेळ थांबलं. मी तेवढा वेळ उभा राहिलो. माझ्यानं कविता म्हणवली नाही. ती म्हणायची माझी लायकी नव्हती.

पोरं आली, त्यांनी वाचलं. श्रुतीनं वाचलं आणि कोनशिलेपाशी जाऊन ती ओळ बघून आली. आल्यावर मला म्हणाली, "आत्या अजून कुणासमोर मोठ्यानं वाचत नाही, सर. ग्रंथालयात पुस्तकांचे कार्यक्रम असतात, तेव्हा दुसऱ्याला वाचायला देते. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे."

सयाजी मोटारसायकल काढून आला. "मास्तर, पुसा ते. आमचा बाप मेलाय आता."

मी म्हणालो, "पिराजी पण मेलेत, सयाजी."

"म्हातारपणी याड लागलंय तुमाला."

"लागलं असेल. फळा मात्र पुसायचा नाही."

तो फळ्यापर्यंत गेला, हात वर नेला आणि का कुणास ठाऊक, तसाच खाली घेतला. विजारीला पुसत निघून गेला. त्याला काय दिसलं, मी विचारलं नाही.

माझं तयार मत मी फाडून टाकलं. सगळ्यांचा इतिहास बाराही महिने, हे वाक्य ऐकायला सुरेख आहे, पण ते मी कुठल्या खिडकीआडून बोललो हे तुला आता कळलं. महिना देणं न्यायाचं आहे का, हे मला विचारलं होतं. नवं मत दोन ओळींचं आहे : त्रेचाळीस वर्षं एका माणसाचं नाव बोटाखालून काढून घेणाऱ्यानं महिन्याचा हिशेब मांडू नये. डिसेंबर वस्तीचा असावा, आणि पहिल्या दिवशी पोरांना कोनशिला दाखवावी, जशी आहे तशी.

हे मत रविवारी, सव्वीस तारखेला, अकरा वाजता मी बैठकीत वाचणार आहे. संस्था काय करेल सांगता येत नाही. सयाजी माणसं जमवतो आहे. त्या आधी, सगळ्यांच्या समोर, तो दगड कुणीतरी मोठ्यानं वाचला पाहिजे. माझ्या तोंडून नको. तू येशील का, असं विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारतो. आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, चालेल. नाही आलीस तरी तुझ्याबद्दलचं जे आहे ते मी उभा राहून सांगणार आहे. श्रुती स्पीडपोस्टनं हे पाठवते आहे, गुरुवार-शुक्रवारी मिळेल.

त्या दिवशी तू बरोबर वाचलं होतंस.

तुझा गुन्हेगार,
भरमाप्पा मास्तर